प्रीमियम कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्यांची बांधणी व हाताळणी

प्रीमियम कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा म्हणजे कायमचे बसवलेले भिंग, सामान्य खिशातील कॅमेऱ्यापेक्षा मोठा प्रतिमा-संवेदक आणि प्रकाश, वेग व फोकस यांचे नियंत्रण वापरणाऱ्याच्या हाती देणारी रचना असलेला लहान आकाराचा डिजिटल कॅमेरा होय. रिकोह जीआर, सोनी आरएक्स१००, फुजीफिल्म एक्स१००, पॅनासॉनिक एलएक्स१०० आणि लायका क्यू या मालिका या वर्गाची परिचित उदाहरणे आहेत.

या कॅमेऱ्यांची चर्चा बहुधा मेगापिक्सेल आणि भिंगाच्या पल्ल्यापुरती मर्यादित राहते. प्रत्यक्ष वापरात मात्र दोन गोष्टी तितक्याच निर्णायक ठरतात. पहिली बांधणी, म्हणजे कॅमेऱ्याचे कवच, भिंगाची नळी आणि अंतर्गत जुळणी किती अचूक व टिकाऊ आहे ही बाब. आणि दुसरी हाताळणी, म्हणजे तो हातात कसा बसतो व बोटांना किती लवकर प्रतिसाद देतो ही बाब. कॅमेरा लहान करताना या दोहोंपैकी कोठे ना कोठे किंमत मोजावी लागते. ती कोठे मोजली आहे, यावरून या वर्गातील कॅमेऱ्यांचे वेगळेपण ओळखता येते.

पूर्वपीठिका

लहान पण उत्तम बांधणीचा कॅमेरा ही कल्पना डिजिटल युगापूर्वीची आहे. हाइन्त्स वास्के यांनी रचलेला जर्मन बनावटीचा रोलाय ३५ हा कॅमेरा १९६६ साली सादर झाला. त्यात ३५ मिमी फिल्म वापरली जात असे आणि काम नसताना त्याचे भिंग आत ढकलून ठेवता येत असे. १९७९ साली योशिहिसा मैतानी यांच्या रचनेतून ऑलिंपस एक्सए हा कॅमेरा आला. त्याचे सरकते झाकण भिंगाचे रक्षण करी, त्यामुळे वेगळ्या पिशवीची गरज उरली नाही. १९९० च्या कॉन्टॅक्स टी२ चे कवच टायटॅनियमचे होते. १९९६ च्या रिकोह जीआर१ मध्ये मॅग्नेशियमचे संमिश्र वापरून अतिशय पातळ शरीर घडवलेले होते.

डिजिटल तंत्रज्ञान आल्यावर ही परंपरा काही काळ मागे पडली. आरंभीच्या बहुतेक छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांचे संवेदक फारच लहान होते. २००५ साली आलेल्या रिकोह जीआर डिजिटलने जुन्या जीआरची बांधणी आणि २८ मिमी समतुल्य भिंग कायम ठेवले, परंतु त्याचा संवेदकही लहानच होता. २००८ च्या सिग्मा डीपी१ मध्ये मोठा संवेदक छोट्या शरीरात बसवण्यात आला. त्यानंतर २०११ साली बाजारात आलेला फुजीफिल्म एक्स१००, २०१२ चा सोनी आरएक्स१००, २०१३ चा एपीएस-सी संवेदकाचा रिकोह जीआर, २०१४ चा पॅनासॉनिक एलएक्स१०० आणि २०१५ चा लायका क्यू यांमधून या वर्गाला आजचे रूप आले.

आकाराचे गणित

बांधणीतील बहुतेक अडचणींचे मूळ संवेदकाच्या आकारात आहे. साध्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यातील संवेदक साधारणतः ६.२ × ४.६ मिमी, म्हणजे सुमारे २८ चौरस मिमी असतो. तथाकथित '१ इंच' संवेदक १३.२ × ८.८ मिमी, म्हणजे सुमारे ११६ चौरस मिमी असतो. एपीएस-सी संवेदक सुमारे २३.५ × १५.६ मिमी, तर पूर्णाकार संवेदक ३६ × २४ मिमी असतो. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. '१ इंच' संवेदकाची कोणतीही बाजू एक इंच नसते. त्याचा कर्णही सुमारे १६ मिमीच भरतो. हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतील निर्वात नळ्यांच्या बाह्य व्यासावरून रूढ झाले.

संवेदक मोठा झाला की त्याला पुरेल एवढी प्रतिमा पाडण्यासाठी भिंगही मोठे लागते आणि ते संवेदकापासून अधिक अंतरावर ठेवावे लागते. कॅमेरा तर खिशात मावला पाहिजे. यावर तीन मार्ग काढले जातात. पहिला, झूम सोडून एकाच नाभीय अंतराचे भिंग वापरणे. जीआर, एक्स१०० व क्यू यांनी हाच मार्ग स्वीकारला आहे. दुसरा, संवेदक मध्यम आकाराचा ठेवून झूम टिकवणे, जसे आरएक्स१०० मध्ये केले आहे. तिसरा, भिंगाची नळी दुर्बिणीप्रमाणे एकात एक सरकणारी करून कॅमेरा बंद असताना ती आत मिटवणे. हे मार्ग अनेकदा एकत्रही वापरले जातात. जीआरमध्ये झूम नाही, तरीही त्याचे भिंग मिटते.

बांधणी

कवचाचे साहित्य. या वर्गात अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियमचे संमिश्र आणि पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिक ही तीन प्रमुख साहित्ये आढळतात. घन सेंटिमीटरमागे मॅग्नेशियमचे वस्तुमान सुमारे १.७ ग्रॅम, अ‍ॅल्युमिनियमचे २.७ ग्रॅम, तर पॉलिकार्बोनेटचे १.२ ग्रॅम असते. मॅग्नेशियम हलके असल्याने आतील सांगाड्यासाठी किंवा पूर्ण कवचासाठी सोयीचे ठरते. मात्र ते सहज गंजते, म्हणून त्यावर संरक्षक लेप द्यावा लागतो. अ‍ॅल्युमिनियम यंत्रावर कोरून घेता येते आणि त्याचा पृष्ठभाग सफाईदार होतो. फुजीफिल्म एक्स१००व्ही या २०२० च्या प्रतिकृतीत वरचे व खालचे पत्रे अ‍ॅल्युमिनियमचे आहेत.

धातू म्हणजे उत्तम आणि प्लॅस्टिक म्हणजे हलके, हे समीकरण सर्वस्वी खरे नाही. धातूचे कवच आतील भागांची मांडणी स्थिर ठेवते आणि संवेदकाची उष्णता बाहेर वाहून नेते; दीर्घ चित्रफीत घेताना याचा उपयोग होतो. परंतु कॅमेरा पडला असता धातूला पोचा येतो आणि तो आघात भिंगाच्या नळीपर्यंत पोहोचू शकतो. चांगल्या प्रतीचे प्लॅस्टिक किंचित लवून आघाताचा काही भाग शोषून घेते. केवळ वजनावरून मजबुतीचा अंदाज बांधणेही चुकीचे आहे. बॅटरी आणि भिंगातील काच यांमुळेही कॅमेरा जड लागतो.

भिंगाची नळी. मिटणारी नळी हा कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा सर्वांत नाजूक भाग होय. एकात एक बसणारी दोन-तीन कडी, त्यांना फिरवणारी छोटी मोटर, दातेरी चाके आणि प्रत्येक उघडझापीबरोबर वाकणारी चपटी विद्युत-पट्टी अशी तिची रचना असते. नळी बाहेर येते तेव्हा आतील पोकळी वाढते व बाहेरची हवा आत ओढली जाते. त्या हवेबरोबर धूळही जाते. खिशातील धाग्यांचा भुगा किंवा समुद्रकिनाऱ्यावरील वाळूचा एखादा कण कड्यांच्या फटीत अडकला, तर नळी अर्धवट अडकून कॅमेरा निरुपयोगी होऊ शकतो. बाहेर आलेली नळी हाताने आत दाबल्यास दातेरी चाके मोडण्याचा धोका असतो.

जुळणीची अचूकता. भिंगातील एखादी काच अक्षापासून किंचित सरकली किंवा तिरकी बसली, तर छायाचित्राची एक बाजू स्पष्ट आणि दुसरी धूसर दिसते. कॅमेरा लहान आणि भिंग मोठ्या छिद्राचे असल्यास ही चूक अधिक जाणवते. एकाच कारखान्यातून आलेल्या, एकाच प्रतिकृतीच्या दोन कॅमेऱ्यांत असा फरक असू शकतो. तो ओळखण्याची साधी रीत अशी आहे: वर्तमानपत्राचे पान भिंतीवर सपाट चिकटवावे, कॅमेरा तिपाईवर त्यास समांतर ठेवावा आणि भिंगाचे छिद्र पूर्ण उघडून छायाचित्र घ्यावे. मग चारही कोपऱ्यांतील अक्षरे मोठी करून ताडून पाहावीत. चारही कोपरे मध्यभागापेक्षा सारखेच मऊ दिसणे हा भिंगाचा स्वभाव होय. एकच कोपरा वा एकच बाजू बिघडणे हा जुळणीचा दोष होय.

शटर. या वर्गातील बहुतेक कॅमेऱ्यांत भिंगातच बसवलेले पाकळ्यांचे शटर असते. त्याला धक्का जवळजवळ नसतो व आवाजही अतिशय कमी असतो. शिवाय फ्लॅशसह जलद वेग वापरता येतात. मात्र छिद्र पूर्ण उघडे असताना पाकळ्यांना अधिक अंतर कापावे लागते, त्यामुळे काही कॅमेऱ्यांत त्या स्थितीत सर्वाधिक वेग मिळत नाही. प्रखर उन्हात ही उणीव भरून काढण्यासाठी एक्स१०० सारख्या कॅमेऱ्यांत प्रकाश कमी करणारा फिल्टर आतच दिलेला असतो.

धूळ व पाण्यापासून संरक्षण. संरक्षणाची प्रत दर्शवण्यासाठी 'आयपी' हा आंतरराष्ट्रीय संकेत वापरतात. त्यातील पहिला अंक घन कणांपासून आणि दुसरा पाण्यापासून मिळणारे संरक्षण सांगतो. लायका क्यू२ या २०१९ च्या कॅमेऱ्यास आयपी५२ अशी प्रत आहे, म्हणजे धुळीपासून पुष्कळसे आणि वरून ठिबकणाऱ्या पाण्यापासून मर्यादित संरक्षण मिळते. तो पाण्यात बुडवता येत नाही. एक्स१००व्ही मध्ये भिंगावर जोडकडे आणि संरक्षक फिल्टर बसवल्यानंतरच हवामानरोधी रचना पूर्ण होते. मिटणाऱ्या नळीच्या कॅमेऱ्यांना असे संरक्षण देणे फार कठीण असते, कारण सरकणारी फट पूर्ण बंद करता येत नाही.

हाताळणी

पकड. माणसाचा हात ठरावीक मापाचा आहे. कॅमेरा कितीही लहान झाला तरी बोटे लहान होत नाहीत. २०१२ चा मूळ आरएक्स१०० केवळ १०१.६ × ५८.१ × ३५.९ मिमी आकाराचा व बॅटरीसह सुमारे २४० ग्रॅम वजनाचा आहे. त्याचे अ‍ॅल्युमिनियमचे शरीर पुढून सपाट व गुळगुळीत असल्याने घामेजलेल्या हातातून ते निसटण्याची भीती वाटते. पुढे उत्पादकानेच चिकटवण्याची वेगळी पकड विक्रीस आणली. याउलट जीआर मालिकेत उजव्या बाजूस रबरासारख्या खडबडीत आवरणाचा उंचवटा असतो आणि कॅमेरा एका हाताने धरून चालवता यावा अशी कळांची मांडणी असते. रस्त्यावरील छायाचित्रणासाठी विख्यात असलेले जपानी छायाचित्रकार दाइदो मोरियामा हे जीआर कॅमेऱ्यांचे दीर्घकाळचे वापरकर्ते आहेत.

चकत्या, कडी आणि कळा. नियंत्रण स्पर्शाने ओळखता आले, तर डोळा दृश्यावरून हलत नाही. या दृष्टीने कॅनन पॉवरशॉट एस९० चे उदाहरण बोधप्रद आहे. २००९ च्या या कॅमेऱ्यात भिंगाभोवती फिरणारे कडे देण्यात आले. छिद्र, प्रकाशाची संवेदनशीलता वा झूम यांपैकी हवे ते कार्य त्याला नेमून देता येत असे. ही कल्पना पुढे अनेक उत्पादकांनी स्वीकारली. परंतु त्याच कॅमेऱ्याच्या पाठीवरील चकती इतकी सैल फिरत असे की, अंगठ्याच्या नकळत स्पर्शाने मांडणी बदलून जाई. पुढील वर्षी आलेल्या एस९५ मध्ये त्या चकतीला टप्प्याटप्प्यावर अडणारी खाच देण्यात आली. संवेदक जवळजवळ तसाच राहूनही वापरण्याचा अनुभव सुधारला तो या बारीक बदलामुळे.

एक्स१०० व एलएक्स१०० या मालिकांत छिद्रासाठी भिंगावरच कडे आणि शटरच्या वेगासाठी माथ्यावर चकती असते. अशा रचनेत कॅमेरा बंद असतानाही मांडणी डोळ्यांना दिसते. विद्यार्थ्यांना छिद्र, वेग आणि प्रकाश यांचा परस्परसंबंध समजण्यास ती विशेष उपयुक्त ठरते. तिचा तोटा असा की खिशात किंवा पिशवीत चकती घासून फिरू शकते.

व्ह्यूफाइंडर. भर उन्हात पाठीवरचा पडदा नीट दिसत नाही, म्हणून डोळ्याला लावायच्या खिडकीची गरज भासते. शिवाय कॅमेरा कपाळाला टेकवल्याने हात अधिक स्थिर राहतो. परंतु लहान शरीरात या खिडकीला जागा काढणे अवघड असते. एक्स१०० मध्ये काचेतून थेट दृश्य दाखवणारी आणि इलेक्ट्रॉनिक अशी दुहेरी खिडकी आहे. पुढील बाजूच्या खटक्याने त्यांची अदलाबदल होते. २०१४ च्या आरएक्स१०० मार्क ३ मध्ये खिडकी शरीरात दडवून वर उसळणारी केली. तीत वर आल्यावर नेत्रभाग हाताने मागे ओढावा लागे. २०१८ च्या मार्क ६ मध्ये ही दुसरी क्रिया वगळण्यात आली. जीआर मालिकेत अंतर्गत खिडकी नाही. आकार सांभाळण्यासाठी केलेला तो त्याग आहे.

तत्परता. खिशातून काढून पहिले छायाचित्र घेण्यापर्यंत लागणारा वेळ हा हाताळणीचाच भाग आहे. रिकोह जीआर ३ सुमारे ०.८ सेकंदात सुरू होतो, असे उत्पादक सांगतो. याखेरीज जीआर मालिकेत 'स्नॅप फोकस' ही सोय असते. दीड वा दोन मीटरसारखे अंतर आधीच ठरवून ठेवल्यास बटण पूर्ण दाबताच कॅमेरा फोकस शोधत न बसता त्या अंतरावर छायाचित्र घेतो.

लहानपणाची किंमत: जीआर ३

आकार आणि सोय यांतील ओढाताण २०१९ साली विक्रीस आलेल्या जीआर ३ मध्ये स्पष्ट दिसते. आधीच्या जीआर २ ची रुंदी ११७ मिमी होती, ती १०९.४ मिमीवर आली. वजन बॅटरीसह सुमारे २५७ ग्रॅम राहिले. एवढ्या जागेत हाताचा कंप सावरणारी, संवेदक हलवणारी यंत्रणा आणि स्पर्शाने चालणारा पडदाही बसवण्यात आला. त्यासाठी अंतर्गत फ्लॅश काढून टाकावा लागला आणि प्रकाशमात्रा कमी-अधिक करणारी स्वतंत्र कळ गेली. प्रमाणित चाचणीनुसार एका भारणात सुमारे २०० छायाचित्रे निघतात. ज्याला खिशात सदैव कॅमेरा हवा होता, त्याला हा व्यवहार लाभाचा वाटला. ज्याला फ्लॅश हवा होता, त्याला तो तोट्याचा ठरला.

धूळ, दुरुस्ती आणि आयुर्मान

भिंग बदलता येत नसल्याने संवेदकावर धूळ पडणार नाही, असे अनेकांना वाटते. हे अर्धसत्य आहे. मिटणाऱ्या नळीतून आत गेलेला कण संवेदकावर बसला, तर छिद्र लहान केल्यावर आकाशाच्या भागात करडा ठिपका दिसू लागतो. भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यात भिंग काढून संवेदक पुसता येतो. येथे मात्र पूर्ण कॅमेरा उघडावा लागतो आणि पुन्हा जोडताना भिंग व संवेदक यांची जुळणी तपासावी लागते. भिंग, शटर आणि संवेदक हा अनेकदा एकच जोडसंच असतो. त्यामुळे एका भागाचा बिघाड झाला तरी पूर्ण संच बदलावा लागतो, आणि सुटे भाग मिळणे थांबले की उत्तम कवचाचा कॅमेराही कायमचा बंद पडतो. ज्या वस्तूची बांधणी पिढ्यान्‌पिढ्या टिकेल अशी दिसते, तिचे आयुष्य प्रत्यक्षात एका चपट्या विद्युत-पट्टीवर अवलंबून असते, ही या वर्गातील मोठी विसंगती होय.

दमट व धुळीच्या हवामानातील काळजी

कोकण किनारपट्टीवर व मुंबईत पावसाळ्यात हवेची सापेक्ष आर्द्रता वारंवार ८० टक्क्यांच्या वर जाते. अशा हवेत भिंगाच्या काचेवर बुरशी वाढते आणि तिच्या स्रावाने काचेवरील लेप कायमचा खराब होऊ शकतो. भिंग उघडून पुसण्याची सोय नसल्याने या कॅमेऱ्यांना हा धोका अधिक गंभीर आहे. कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावा आणि आतील आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राखावी, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. चामड्याची पिशवी ओलावा धरून ठेवते, म्हणून दीर्घ साठवणीस ती अयोग्य आहे. कॅमेरा महिनोन्‌महिने कपाटात न ठेवता अधूनमधून वापरावा, हेही हितावह.

वातानुकूलित डब्यातून उतरून दमट फलाटावर येताच धातूच्या थंड कवचावर दव धरते. अशा वेळी कॅमेरा काही वेळ पिशवीतच राहू द्यावा आणि तो बाहेरच्या तापमानास आल्यावर सुरू करावा. रंगपंचमी वा विसर्जन मिरवणुकीतील गुलाल अत्यंत बारीक असतो. तो सरकत्या नळीच्या वंगणात मिसळल्यास सहज निघत नाही. अशा प्रसंगी पुढे फिल्टर बसवलेला, न मिटणाऱ्या भिंगाचा कॅमेरा अधिक सुरक्षित होय.

सद्यःस्थिती

जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या 'सीआयपीए' या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली कायम भिंगाचे १० कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले; २०२३ साली ही संख्या १८ लाखांहूनही कमी होती. मोबाइल फोनमधील कॅमेऱ्याने साध्या कॉम्पॅक्टची जागा घेतली. प्रीमियम वर्ग मात्र पूर्णपणे नाहीसा झाला नाही. २०२४ साली आलेल्या फुजीफिल्म एक्स१००व्हीआय ला मागणी इतकी होती की ग्राहकांना दीर्घकाळ प्रतीक्षा करावी लागली.

फोन संगणकीय प्रक्रियेच्या बळावर उत्तम छायाचित्रे देतो. पण त्याची काचेची पाटी बोटांना काही सांगत नाही. अंगठ्याखाली अडणारी खाच, भिंगावरील कड्याचा टप्पा, हाताला ओळखीचा झालेला उंचवटा या गोष्टी आज प्रीमियम कॉम्पॅक्टचे वेगळेपण टिकवून आहेत. म्हणून असा कॅमेरा निवडताना तपशीलपत्रकाबरोबरच तो प्रत्यक्ष हातात घेऊन, एका हाताने चालवून आणि नेहमीच्या खिशात ठेवून पाहणे इष्ट ठरते.